नारू हूडवाल्याचं नाक

माणसं आपल्या गाडीत काय काय करून ठेवतात हे ज्याला बघायचं असेल, त्यानं तलासरीला नारू तांडेलच्या दुकानात एक दिवस बसावं. दुसऱ्या दिवशी तो येणार नाही, याची हमी नारू स्वतः देईल.

हायवेला लागून पत्र्याची शेड, शेडीत दोन शिलाई मशिनं, रेक्झिनचे गुंडाळे, ताडपत्रीचा ढीग आणि बाहेर पाटी: 'हूड व सीट'. जीपचे हूड, रिक्षाचे हूड, टेम्पोची ताडपत्री, फाटक्या सीटा हा नारूचा धंदा. पण त्याला विचाराल तर तो सांगेल, आपला खरा धंदा लोकांची घाण उपसण्याचा. सीट उचलली की खाली काय निघेल याचा नेम नाही. गुटख्याच्या पुड्या तर असतातच. त्याशिवाय चघळलेली हाडं, लहान मुलाचा भरलेला लंगोट, पिशवीत राहून मोड आलेला कांदा, काळा पडून गळायला लागलेला चिकू, आणि एकदा तर कुणाची तरी दातांची कवळी. मालक बाजूला उभा राहून मोबाईलवर बोलत असतो. नारू ती वस्तू पक्कडीत धरून त्याच्या डोळ्यांपुढे नेतो आणि विचारतो, "घरी पण असंच ठेवता का?"

गिऱ्हाइकाशी असं बोलू नये हे त्याला कळत नाही, असं नाही. पण किळस आली की त्याची जीभ ताब्यात राहत नाही, आणि किळस त्याला दिवसातून वीसेक वेळा येते. उसवलेल्या शिवणीवर चिकटपट्टी मारलेली दिसली की येते. नट हरवला म्हणून तिथं तार पिळलेली दिसली की येते. "चालतंय ना, मग चालू दे" हे वाक्य कानावर पडलं की हमखास येते. त्याची बायको जमुना दुसऱ्या मशिनवर बसते. ती म्हणते, देवाकडे एक कुत्र्याचं नाक उरलं होतं, ते आमच्या ह्यांना लावून टाकलं.

नाकाची गोष्ट जुनी आहे. नारू धाकटी डहाणूचा, खाडीच्या तोंडावरच्या घरातला. बाप शिडं शिवायचा. होड्यांना इंजिनं आल्यावर शिडांना विचारणारं कुणी उरलं नाही, पण तोवर जाड सुईनं जाड कापड कसं शिवायचं, कापडाला ओढ कुठं द्यायची आणि कुठं सोडायचं, हे त्यानं धाकट्याच्या हातात उतरवलं होतं. थोरला काळ्या दहाव्या वर्षी होडीवर चढला तो तिथलाच झाला. नारू बाराव्या वर्षी चढला आणि ओकला. लाटेनं नव्हे, लाटेचं त्याला काही वाटत नसे. वासानं. ओल्या जाळ्याचा वास, होडीच्या तळाला साचलेल्या पाण्याचा वास, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे मुशीच्या तेलाचा. मुशी माशाचं काळीज उकळून काढलेलं हे तेल होडीच्या लाकडाला चोळतात, म्हणजे खारं पाणी लाकडात शिरत नाही. बंदरावर जन्मलेल्या माणसाला तो वास जाणवतही नाही. नारूला मात्र कुणी घशात बोट घातल्यासारखं व्हायचं.

सगळ्यांना वाटायचं, पोर नाटक करतंय. काळ्याला तर खात्रीच होती.

बाप गेला त्या साली, म्हणजे २००६ ला, व्हायचं ते होऊन गेलं. सुतक फिटल्याचं जेवण होतं. बापाच्या आवडीची मासळी पानात पडली, सगळी भावकी ओळीनं बसली होती, आणि ओट्यालगत काळ्यानं कालच तेल चोळलेली होडी उन्हात तापत पडली होती. नारूनं दोन घास गिळले, तिसरा हातातच राहिला. उठून तो उंबऱ्यापर्यंत कसाबसा पोचला आणि तिथंच, सगळ्या भावकीदेखत, भडाभडा ओकला. काळ्या पानावरून उठला. "बापाच्या जेवणावर ओकलास! आमचा वास येतो ना तुला? मग जा. जिथं येत नाय तिथं जाऊन मर."

माझ्या हातात नाही रे दादा, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. नारूनं तोंड पुसलं आणि तो चालायला लागला. तेव्हा तो डहाणूत एका हूडवाल्याकडे कामाला होता. आठवड्याच्या आत त्यानं बिऱ्हाड हलवलं. तलासरीच का निवडली? जमुना सांगते, एसटीत बसले आणि वास जिथं संपला तिथं उतरले. तेव्हापासून दोघा भावांचा अबोला. जमुना तेवढी महिन्यातून एकदा माहेरी बोर्डीला जाऊन पोटभर मासळी खाते आणि डोक्यावरून आंघोळ करून मगच परत येते.

नारूचा एक नियम होता, त्याबद्दल तो पंचक्रोशीत बदनाम होता. काम बिघडवलं कुणी, हे तो मालकाला नावानिशी सांगायचा. कुणाचं पाप झाकायचं नाही. झरीचा सुनिल म्हणून एक ड्रायव्हर होता. त्यानं मालकाच्या जीपच्या हूडला सिगारेटनं भोक पाडलं आणि वर काळी पट्टी चिकटवली. नारूनं पट्टी ओरबाडून मालकाला भोक दाखवलं आणि राखेचा वासही घ्यायला लावला. सुनिलची नोकरी गेली. नंतर तीन दिवस तो दुकानासमोर येऊन उभा राहत होता, एक शब्द टाका म्हणून. नारूनं सुईवरून मान वर केली नाही. खोटं झाकण्याची त्याला मळक्या सीटपेक्षा जास्त किळस होती.

उघड्या टपाच्या गाड्यांचा नाद त्याला लागला २०१४ साली, आणि तोही रस्त्यावरच. सुरतेकडे निघालेली एक परदेशी गाडी दुकानासमोर बंद पडली. बटण दाबलं की कापडी टप आपोआप उघडून मागं जातो, तसली. टप अर्ध्यावर उभा राहून अडकला होता, पुढंही जाईना, मागंही येईना. ट्रकवाले थांबून हसत होते. मालक बटण दाबत होता, दाबतच होता. नारूनं त्याचा हात धरला आणि म्हणाला, "दाबू नका, मोडेल." डिकीत हुडकून त्यानं पंप काढला, पंपाचा स्क्रू सैल करून तेलाचा दाब सोडला आणि टप हातानं हळूहळू खाली बसवला. मग तासभर तो नुसता बघत राहिला. कमानी, सांधे, ओढ देणारे पट्टे, पुढचं कुलूप. मालक निघून गेल्यावर जमुनाला म्हणाला, "शीडच आहे गं ते. फक्त वाऱ्याच्या जागी पंप आहे."

पुढं दमणहून, वापीहून असल्या चार-पाच गाड्या आल्या. पहिलीच्या सांध्यात त्याचं बोट सापडलं, नख गेलं ते गेलंच. पण काम हाताला लागलं, आणि नरपडच्या जयंतीशेठपर्यंत नाव गेलं.

हे २०१७ च्या होळीच्या आधीचं. जयंतीशेठ मुंबईचे कापडाचे व्यापारी. नरपडला समुद्राकाठी त्यांची चिकूची वाडी आणि वाडीत बंगला. शनिवार-रविवार मुंबईहून पाहुणे आणायचे, आणि त्यांना हवा खायला न्यायला एक लाल, दोन दारांची, उघड्या टपाची गाडी कायम तिथंच ठेवलेली. फोन आला तेव्हा नारू "वेळ नाही" म्हणायच्याच बेतात होता. समुद्राच्या दिशेला जायचं म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी यायची.

"जा," जमुना मशिन थांबवून म्हणाली. "मोठे भावजी त्याच वाडीत राखणदार आहेत."

"माहितीये मला."

"माहितीये तर हे पण माहिती असू दे. होडी विकली त्यांनी. घर भरतीच्या पाण्यानं पोखरलं, भिंत बसली. वाडीतल्या खोलीत राहतात दोघं. रखमीबाईंचे गुडघे गेलेत, उठता येत नाही. या वयात त्यांना दुसरं कोण ठेवणार?"

"मग मी काय करू?"

"काही करू नका. गाडी करा नि या."

रखमी म्हणजे काळ्याची बायको. जावाजावांचं बोलणं कधी बंद झालंच नव्हतं, हे नारूला ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं तो दाखवत होता.

तो गेला. वाडीच्या फाटकापाशी सुरूच्या सावलीत एक म्हातारा पाण्याची नळी धरून उभा होता. खांदे तेच, फक्त खाली आलेले. काळ्यानं त्याला पाहिलं, फाटक उघडलं आणि नळी दुसऱ्या आळ्यात टाकली. नारू मोटरसायकल घेऊन आत गेला.

जयंतीशेठ बंगल्याच्या पायरीवर वाटच बघत होते. गोरे, गोलमटोल, गळ्यात जाड साखळी. "आव, नारुभाई. बघ माझ्या राणीचा हाल. मुंबईवरून दोन मेकॅनिक आले. पहिला बोलला अलाइनमेंट गेली, त्याने बोल्ट फिरवले, अजून बिघडला. दुसरा बोलला आधी अलाइनमेंट कर, मग रबर बदल. नवा रबर मागवला, तो खोक्यात पडलाय. आणि बोलला, कोणीतरी रबरला काहीतरी लावलाय. कोणी लावला? मला नाव पाहिजे."

"बघतो," नारू म्हणाला.

"तू नाव सांगतो, मी ऐकलाय. म्हणून तर तुलाच बोलावला. जो असेल तो आज सांजेला वाडीच्या बाहेर. सामान घेऊन. माझ्या वाडीत राहून माझीच गाडी खराब करते म्हणजे काय!"

असं म्हणून शेठ आत गेले. नारू गाडीच्या शेडमध्ये शिरला आणि पहिल्यांदा त्याला आला तो शेठच्या पाहुण्यांचा राग. टप जिथं घडी होऊन बसतो त्या मागच्या खाचेत त्यानं बॅटरी मारली. बाटल्यांची बुचं, केसांच्या पिना, वेफर्सची पाकिटं, कोंबडीच्या तंगडीचं हाड, आणि सांगायची सोय नाही असलं काहीबाही. शेठ स्वतः शाकाहारी, कांदासुद्धा न खाणारे, आणि त्यांच्या राणीच्या पाठीत हे. पक्कडीनं एकेक उचलून त्यानं पिशवीत टाकलं. बाहेर जाऊन एकदा मोकळा श्वास घेऊन आला. शेडीच्या भिंतीवर कुणीतरी पाण्याचा तांब्या ठेवून गेलं होतं. नारूनं त्याच्याकडे पाहिलं आणि पाणी न पिताच तो आत गेला.

बटण दाबून त्यानं टप चालवला. मागचं झाकण उचललं गेलं, टप उठला, पुढं आला, आणि समोरच्या काचेच्या चौकटीवर टेकायच्या आधी दोन बोटं वरच थांबला. डावीकडे दोन बोटं, उजवीकडे एक. कुलूप लागेना. पंप घरघरला आणि दमून गप्प झाला. गाडीत टी-टी-टी असा आवाज सुरू झाला तो थांबेना.

नारूनं पंपाचा दाब सोडला आणि टप हातानं मागंपुढं केला. हे काम डोळ्यांनी कळत नाही, हातालाच कळतं. डावीकडे ओढ जास्त. दोरी घेऊन त्यानं मागच्या सांध्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं. डावी बाजू करंगळीभर आखूड होती. ही पहिल्या मेकॅनिकची करामत: बोल्ट सैल केले, अंदाजानं ढकलले आणि पुन्हा आवळले. खूण केली नाही, मोजलं नाही. नारूनं त्या मुंबईकराला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण डाव्या-उजव्याचा फरक काढला तरी टप एक बोट वर राहणारच होता. दुसरं काहीतरी त्याला खालून धरून ठेवत होतं.

त्यानं चौकटीच्या रबराला हात लावला. रबर भिजत घातलेल्या वाटाण्यासारखं फुगलं होतं, बोटाला बुळबुळीत. त्यानं बोट नाकाशी नेलं.

पोटातून एक गोळा वर आला. नारू दरवाजाला धरून उभा राहिला.

मुशीच्या तेलाचा हा वास त्याला कुणी सांगायला नको होता. मुंबईच्या दोघांना कळला नाही, शेठला कळला नाही. शेठच्या लेखी नरपडला सगळंच मासळीचं घाण मारत होतं. जगात हे तेल ओळखणारी माणसं होती ती खाडीच्या तोंडावर, आणि त्यांच्यातला फक्त एक या वाडीत राहत होता. शेठनं सांगितलं असणार, गाडी सांभाळ, खारी हवा लागू देऊ नको. आणि त्या येड्यानं, आयुष्यभर होडी सांभाळली तशी गाडी सांभाळली. बसून, चिंधी बुडवून, कोपरा न कोपरा चोळला असणार. रबर, सांधे, कमानी, सगळं. एकदा नाही, वर्ष-दोन वर्षं, दर अमावास्येला. होडीला काय खपतं आणि रबराला काय खपत नाही हे त्याला विचारायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

नारूला भयंकर राग आला. येडा म्हातारा. गाडी म्हणजे काय बापाची होडी वाटली? ज्या वासापासून अकरा वर्षं लांब राहिलो, तो इथं एका परदेशी गाडीच्या सांध्यासांध्यात भरून ठेवलाय, आणि तो आता आपण उपसायचा. आणि वर नाव सांगायचं.

नाव सांगायचं. रागाच्या भरात हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता आलं आणि तो गाडीच्या काठावर बसला. बाहेर नळीतून पाणी आळ्यात पडल्याचा आवाज येत होता. पलीकडच्या खोलीत कुणीतरी कण्हत कूस बदलली. झरीचा सुनिल त्याला आठवला, दुकानासमोर उभा असलेला. तेव्हा मान वर केली असती तर त्याचं तोंड कसं दिसत होतं तेही कळलं असतं.

नाकाला रुमाल बांधून त्यानं कामाला हात घातला. जुनं रबर पट्टीपट्टीनं ओढून काढलं. ते सुटताना चुबुक चुबुक आवाज करत होतं, आणि दर पट्टीला नारू बाहेर जाऊन येत होता. सोड्याच्या पाण्यानं खाचा धुतल्या. नवं रबर बसवलं. मग खडूनं खुणा करून मागच्या सांध्याचे, मुंबईकरानं हातही न लावलेले खालचे बोल्ट सोडायला घेतले. इथं तास मोडणार हे त्यानं धरून ठेवलं होतं. समुद्राकाठी दोन वर्षं उभ्या गाडीचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात, गरम करा, ठोका, तरी सुटत नाहीत, कधी माथंच तुटून हातात येतं. पाना लावला आणि बोल्ट सहज फिरला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. नारूनं बॅटरी धरून बघितलं. आत कुठं गंजाचा टिपका नव्हता. बाहेर शेठच्या बंगल्याच्या खिडक्यांचे गज खाऊन खाऊन काडीएवढे राहिले होते, आणि इथं बोल्टचे आटे नव्यासारखे चमकत होते.

"च्यायला," नारू म्हणाला. राग गेला नव्हता, पण तो कुठं धरावा हे आता त्याला कळेना.

पुढचं काम चिकाटीचं होतं. डावा सांधा केसभर मागं, बोल्ट अर्धवट आवळ, टप हातानं बसव, बघ. पुन्हा केसभर. दोन्हीकडची दोरी सारखी झाल्यावर पुढच्या कुलपाची उंची, अर्धा आटा, पुन्हा अर्धा आटा. शेवटी कागदाच्या पट्ट्या. काचेच्या आणि रबराच्या मधे जागोजागी पट्टी ठेवायची, टप बंद करायचा आणि पट्टी ओढायची. सगळीकडे सारखा जोर लागला तर काम झालं. एका कोपऱ्यात पट्टी सुळकन निघाली, म्हणून त्यानं पुन्हा सगळं सोडलं आणि पुन्हा केलं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चालतंय ना.

ऊन उतरायला लागलं तेव्हा त्यानं शेठना हाक मारली. बटण दाबलं. झाकण उचललं, टप उठला, पुढं आला, काचेच्या चौकटीवर अलगद टेकला आणि टक् करून कुलूप लागलं. टी-टी आवाज नाही, घरघर नाही. शेठनी टाळ्या वाजवल्या. स्वतः चार वेळा उघडलं, मिटलं.

"वाह! काय हात हाय! आता नाव सांग."

"कसलं नाव?"

"कोणी लावला काय ते."

नारूनं पाना पुसला. पुसलेला पाना पुन्हा पुसला. "कुणी काही लावलं नाही, शेठ. हवेनं फुगलं रबर. समुद्राची हवा."

"पण तो मेकॅनिक तर बोलला..."

"त्याला काय कळतं? त्यानं बोल्ट धड आवळले नाहीत." हे त्या दुसऱ्याच्या माथी मारणं खोटं होतं, बोल्ट पहिल्यानं फिरवले होते. तोंडातून निघाल्यावर नारूला त्या वाक्याचीही किळस आली. पण त्यानं ते परत घेतलं नाही.

शेठ त्याच्याकडे बघत राहिले. शंका पुरती गेली नव्हती. आणि तेवढ्यात शेडीच्या दारात काळ्या उभा राहिला. टप बसल्याचा आवाज त्यानं ऐकला असणार. तोंडावर हसू मावत नव्हतं. एका हातात पत्र्याचा डबा, दुसऱ्यात चिंधी. दुरुस्त होऊन आलेल्या होडीला पहिलं तेल लावायचं असतं, ते न लावता ती पाण्यात ढकलायची नसते, हे खाडीवरचा कुणीही सांगेल.

"ए काळ्या, काय हाय ते डब्यात?" शेठ म्हणाले.

काळ्याला लपवाछपवीची सवय नव्हती, आणि लपवण्यासारखं आपण काही केलंय हेच त्याला ठाऊक नव्हतं. "तेल, शेठ. मी कायम ह्यानंच..."

"माझं आहे," नारू म्हणाला. तो इतक्या जोरात बोलला की दोघंही त्याच्याकडे वळले. "मी मागितलं. हाताचं ग्रीस याच्याशिवाय निघत नाही." तोंडावरचा रुमाल त्यानं काढला, दोन्ही हात पुढं केले आणि ओंजळ धरली. "ओत, दादा."

काळ्या जागच्या जागी थांबला. या तेलाचं आणि या भावाचं काय आहे, हे त्याच्याइतकं दुनियेत कुणाला माहीत नव्हतं. तो ओंजळीकडे बघत राहिला, मग भावाच्या तोंडाकडे. मग त्यानं डबा वाकडा केला.

तेल उन्हात ठेवलेलं होतं, कोमट आणि दाट. नारूनं ते तळव्यांवर चोळलं, बोटांच्या बेचक्यांत चोळलं, मनगटांवर, कोपरापर्यंत. "अजून ओत," म्हणाला. शेठ समोरच उभे होते, म्हणून मान फिरवता येत नव्हती. जिभेखाली पाणी सुटलं होतं, ते त्यानं गिळलं. पुन्हा सुटलं, पुन्हा गिळलं. "यंदा चिकू कसा आहे, शेठ?" त्यानं विचारलं.

"चिकू बरा हाय. अरे पण हा वास केवढा मारते!" शेठ दोन पावलं मागं सरले, तोंड वाकडं केलं. "तुम्ही लोक कसा सहन करते काय माहीत. धुऊन मग वर ये. चा सांगतो." आणि धोतराचा सोगा सावरत ते बंगल्याकडे निघाले. पायऱ्या चढले, आत गेले, जाळीचं दार आपटलं.

नारू शेडीमागं दहा पावलं गेला असेल-नसेल. चिकूच्या एका बुंध्याला त्यानं कोपर टेकलं आणि सकाळपासूनचं सगळं बाहेर आलं. चहा आला, भाकरी आली, मग नुसतं पिवळं पाणी. हात तोंडाशी नेता येईना, हातांनाच तो वास होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एक कळ थांबली की दुसरी यायची.

मागून एक हात आला आणि त्याच्या कपाळावर बसला. खरबरीत, रुंद, त्याच तेलानं माखलेला. आजारी पोराचं डोकं धरतात तसा त्यानं नारूचं डोकं घट्ट धरून ठेवलं.

"दादा," नारू मधल्या श्वासात म्हणाला, "रबराला लावू नको. रबर फुगतं त्यानं. लोखंडाला लाव. बोल्ट बघितले मी... एकाला गंज नाय... तुझ्या..."

"आधी ओकून घे," काळ्या म्हणाला. "मग सांग."